मुलांच्या हाती पुस्तक देताना

वर्धापनदिन जवळ आला की माजी विद्यार्थी वसतिगृहात येतात, पालक येतात, आणि ग्रंथालयाच्या खोलीत डोकावताना एक प्रश्न हमखास विचारतात : मुलांना कोणती पुस्तके द्यावीत? प्रश्न विचारताना बहुतेकांच्या मनात शिष्यवृत्ती परीक्षेचे मार्गदर्शक, सामान्यज्ञानाचा जाड ग्रंथ किंवा इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक असते. त्यात वावगे काही नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी दहावीच्या पुढे जात आहे, त्या घराला अशा पुस्तकांचे मोल आम्ही सांगण्याची गरज नाही. परंतु परीक्षा संपली की ही पुस्तके रद्दीत जातात आणि मुलाच्या सोबतीला घरात एकही पुस्तक उरत नाही, हेही आपण पाहतो. म्हणून ग्रंथालयाचे काम पाहणाऱ्या आम्हा काही शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना वाटले की, या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे.

आमचे मत थोडक्यात असे आहे. मुलाला जे पुस्तक द्यावयाचे ते घरातील एका तरी मोठ्या माणसाने आधी वाचलेले असावे, आणि वाचून झाल्यावर त्याविषयी मुलाशी बोलण्याची त्याची तयारी असावी. पुढे ज्या पुस्तकांची नावे आम्ही घेणार आहोत, ती या एका कसोटीवर निवडली आहेत. त्यांतील बहुतेक पुस्तके मुलांनाही आवडतात आणि विचार करणाऱ्या प्रौढालाही काही देऊन जातात.

एका भेटीची कथा

आपल्या समाजाला पुस्तकाचे महत्त्व पटवून देण्यासाठी दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. विद्यार्थी भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सत्कार भरविला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ही आठवण बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदविली आहे. त्या आठवणीचा पुढचा भाग मात्र आपण क्वचितच सांगतो. ते पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना प्रश्न केला : आपण आम्हाला रामायण-महाभारत वाचावयास लावता, मग बुद्धाविषयीचे वाङ्मय का दिले नाही? रामजींनी त्याला दटावून गप्प बसविले नाही. कर्ण, द्रोण, वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. त्या उत्तराने मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि तेही त्याने मनात जपून ठेवले.

याच रामजींविषयी धनंजय कीरांच्या चरित्रात आपण वाचतो की, मुलाला हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी ते आपल्या विवाहित मुलींकडे उसने पैसे मागावयास जात, प्रसंगी मुलीचा दागिना गहाण ठेवीत. पुस्तक विकत आणणारा बाप आणि त्या पुस्तकातून उठलेला प्रश्न ऐकून घेणारा बाप, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. पहिले काम आज आपल्यापैकी अनेकांना परवडते. दुसरे काम कठीण आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरा दाखला धर्मानंद कोसंबींचा. गोव्यातील साखवाळ या गावी नारळाची बाग सांभाळणाऱ्या या तरुणाला 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी लिहिलेला मजकूर वाचावयास मिळाला. तेवढ्या मजकुराने त्यांच्या मनाची अशी पकड घेतली की, १८९९ साली ते घराबाहेर पडले आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा प्रवास करीत पाली भाषेचे मोठे पंडित झाले. मुलांच्या मासिकाला 'पोरांचे वाचन' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

काचेआडचे ग्रंथ

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे शिदोरीतून वाचविलेल्या पैशांत ग्रंथ विकत घेतात. हे दृश्य आपल्या चळवळीचे भूषण आहे. पण घरी गेल्यावर त्या ग्रंथांचे काय होते? पुष्कळ घरांत ते दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, तसबिरीच्या शेजारी विराजमान होतात. त्यांच्यावरची धूळ नियमाने पुसली जाते. मुलांनी हात लावू नये, पाने दुमडू नयेत, अशी ताकीद असते. ज्या महामानवाने मूर्तीपुढे हात जोडण्याऐवजी विचार करावयास सांगितले, त्यांच्या ग्रंथांचीच आपण मूर्ती करू लागलो आहोत की काय, अशी शंका आम्हाला येते.

आमच्या ग्रंथालयातही पूर्वापार नियम असाच होता की, चांगली पुस्तके कुलुपात आणि जुनी पाठ्यपुस्तके बाहेर. तो नियम बदलला पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. पुठ्ठा सैल झालेले, कोपरे दुमडलेले, चिकटपट्टीने जोडलेले पुस्तक हे ग्रंथालयाच्या कामाचे खरे प्रमाणपत्र होय.

लहान मुलांसाठी : आधी आनंद

पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचून दाखवावे लागते, आणि वाचून दाखविण्यास योग्य अशी चित्रमय पुस्तके मराठीत आता विपुल आहेत. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' आणि त्यांची इतर पुस्तके आम्ही प्रथम सुचवू. राधाच्या घरात आई, बाबा, आजी, आजोबा आहेत. मोठी घटना काही घडत नाही. लहान मुलाच्या डोळ्यांना घर जसे दिसते तसेच ते लिहिलेले आणि काढलेले आहे. घरापासून दूर राहणाऱ्या आमच्या वसतिगृहातील लहानग्यांना ही पुस्तके विशेष प्रिय का वाटतात, हे सांगावयास नको. त्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे' हे संकलन शिक्षकांनी अवश्य जवळ ठेवावे. त्यात मराठी साहित्यातील उतारे आणि चित्रे वयोगटानुसार मांडलेली आहेत.

जातककथांची पुस्तके प्रत्येक बौद्ध घरात असतातच. फक्त निवड पारखून करावी. पुष्कळ स्वस्त आवृत्त्यांत कथेच्या शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले असते आणि कथा मात्र अर्ध्या पानात उरकलेली असते. जाळ्यात सापडलेले लावे एकजुटीने जाळे घेऊन उडतात आणि पुढे आपसांत भांडू लागताच पकडले जातात, ही कथा नीट रंगवून सांगितली तर तात्पर्य सांगण्याची गरजच पडत नाही. मूल स्वतःच विचारते, "मग ते भांडले कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण मोठ्यांनी जरा आपल्या संस्था-संघटनांकडे पाहावे. ज्या प्रौढांना या कथा मुळाजवळ जाऊन वाचावयाच्या आहेत, त्यांनी दुर्गा भागवत यांचा 'सिद्धार्थ जातक' हा अनेक खंडांतील अनुवाद पाहावा. पाली जातकांची संख्या ५४७ आहे. रोज रात्री एक सांगितली तरी दीड वर्ष पुरतील.

चौथी ते सातवीच्या मुलांना भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्यावा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात वसतिगृहात राहतो, सायकल दामटतो आणि संकटात उडी घेतो. आमच्या मुलांना तो आपल्याच खोलीतला वाटतो. काही पालक विचारतात, यातून मूल काय शिकेल? आमचे उत्तर असे की, ते शंभर-दीडशे पाने न थांबता वाचावयास शिकेल, आणि ज्याला ते जमले त्याच्यापुढे पुढची सारी दारे उघडी आहेत. आपल्या मुलांच्या हाती पुस्तक पडते ते बहुधा कर्तव्य म्हणून : अभ्यासाचे, महापुरुषांचे, समाजाच्या दुःखाचे. खळखळून हसविणारे, झोप उडविणारे पुस्तक हाही त्यांचा हक्क आहे.

याच वयासाठी तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' आम्ही सर्वांत वरच्या फळीवर ठेवतो. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेले हे जपानी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आहे. खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते म्हणून एका शाळेतून काढून टाकलेली छोटी मुलगी तोमोई शाळेत येते. तेथे रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. पोलिओ झालेल्या मित्राला ती झाडावर चढविते, तो प्रसंग मुलांनी वाचावा. आणि शौचकूपाच्या खड्ड्यात पडलेले पैशाचे पाकीट शोधण्यासाठी तिने सारा मैला उपसून ठेवला असता मुख्याध्यापकांनी 'झाल्यावर पुन्हा आत भरशील ना?' एवढेच विचारले, तो प्रसंग आम्हा शिक्षकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वर्षातून एकदा वाचावा. ही शाळा १९४५ सालच्या बाँबवर्षावात जळाली, पण तेथील एका मुलीने ती पुस्तकात जिवंत ठेवली. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत याहून अधिक काय सांगावे?

बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. वर्गणी अल्प आहे, आणि महिन्याला पोस्टाने स्वतःच्या नावावर काही येणे ही मुलाच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते.

मधल्या वयासाठी : प्रश्नांसह वाचन

आठवी ते दहावी हे वय नाजूक असते. या वयात वाचलेले हाडीमांसी खिळते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र आमच्या ग्रंथालयात सर्वाधिक फिरलेल्या पुस्तकांपैकी एक आहे. गुलामीत जन्मलेला, बालपणीच आईपासून तुटलेला जॉर्ज शाळेसाठी दूरच्या गावी चालत जातो. महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचे पत्र हाती असताना प्रत्यक्ष काळा रंग पाहून त्याला परत पाठविले जाते. पुढे टस्कगी येथे भंगारातील बाटल्या-डब्यांतून प्रयोगशाळा उभारून तो गरीब शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळ्याचे पीक घ्यावयास शिकवितो. आपल्या मुलांना या कथेतील अपमान समजावून सांगावा लागत नाही. अपमानानंतर त्याने केलेले काम समजावे, म्हणून हे पुस्तक द्यावयाचे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि प्रत्यक्ष शिक्षकाने वाचावी. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, हळूहळू वाडीचा होतो आणि शेवटी दुष्काळ ती वाडी उठवितो. आमचे बरेच विद्यार्थी दुष्काळी तालुक्यांतून आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून येतात. गाव रिकामे होणे म्हणजे काय, हे त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते. मार्जरी रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला 'पाडस' हा अनुवादही याच वयाचा. जंगलाकाठच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याने पाळलेले हरणाचे पिलू, एवढीच कथा. पण प्रेम आणि पोट यांचा झगडा इतक्या सरळपणे सांगणारे पुस्तक विरळा.

'श्यामची आई'विषयी आम्हाला थोडे अधिक बोलावयाचे आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मराठी घराघरांत वाचले गेले. आपल्यातील काही विचारी मंडळी म्हणतात की, ते कोकणातील एका ब्राह्मण घराचे संस्कार सांगते. आपल्या मुलांना ते का द्यावे? प्रश्न रास्त आहे. आमचे मत ते द्यावे असे आहे, मात्र सोबत बसून. त्यात एक प्रसंग आहे. अस्पृश्य समजल्या गेलेल्या एका वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठविते, आणि परत आल्यावर अंघोळ करावयासही सांगते. हा प्रसंग आला की वाचन थांबवावे आणि मुलांना विचारावे : ही बाई दयाळू आहे ना? मग अंघोळ का? त्या वृद्धेला काय वाटले असेल? दया आणि समता यांतील अंतर मुलांना समजावून देण्यास याहून सोपा पाठ आम्हाला सापडलेला नाही. याच साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हेही त्याच बैठकीत सांगावे. पुस्तकातील आईपासून लेखकाने चाललेले अंतर मुलांना तेव्हा दिसेल.

याच वयाच्या मुलांसमोर आणखी एक लहानसा मजकूर मोठ्याने वाचावा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती आपल्या लोकांचा धर्म कोणता, असा थेट सवाल करते. आमच्या नववीतील मुलींनी तो ऐकला तर निबंध म्हणजे पाठ करून उतरविण्याची गोष्ट, हा समज त्यांच्या मनातून कायमचा निघून जाईल.

दुःखाची पुस्तके कधी द्यावीत?

आता सर्वांत अवघड प्रश्न. 'बलुतं', 'उपरा', 'आठवणींचे पक्षी', 'आयदान' ही पुस्तके मुलांना द्यावीत काय, आणि द्यावयाची तर केव्हा? याबाबत पालकांत दोन तट आहेत. नोकरीनिमित्त शहरात स्थिरावलेले काही पालक म्हणतात, आम्ही जे भोगले ते मुलांनी कशाला वाचावे? त्यांच्या मनात न्यूनगंड निर्माण होईल, वर्गातील इतर मुलांपुढे मान खाली जाईल. उलट काही कार्यकर्ते म्हणतात, पाचवीतच दिले पाहिजे, नाहीतर मुले विसरतील.

दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. पण पहिल्या बाजूला आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, मुलांना हा इतिहास कोठून ना कोठून कळणारच आहे. एखादे दिवशी कोणी आडनाव विचारील, आरक्षणावरून टोमणा मारील, आणि त्या क्षणी मुलाजवळ शब्द नसतील तर ते एकटे पडेल. जे दुःख दया पवारांनी, प्र. ई. सोनकांबळ्यांनी, ऊर्मिला पवारांनी लिहून काढले, ते मुलाने त्यांच्या सोबतीने समजून घ्यावे, हे अधिक बरे. दुसऱ्या बाजूला आम्ही म्हणू की, वय पाहावे. 'बलुतं' (१९७८) हे प्रौढाने प्रौढांसाठी लिहिलेले पुस्तक आहे. त्यातील दारिद्र्य, देहव्यवहार आणि लेखकाची स्वतःविषयीची निर्दय प्रामाणिकता दहा वर्षांच्या मुलाला पेलणारी नाही. ते महाविद्यालयीन वयात वाचावे आणि वडीलधाऱ्यांनी त्याआधी वाचलेले असावे.

मग सुरुवात कोठून करावी? आमच्या मते बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनाच्या अनुवादापासून. कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला असते, पण त्यातील पहिले प्रकरण बारा वर्षांच्या मुलालाही सहज समजते. १९०१ साली काही लहान मुले नवे कपडे घालून, आनंदाने आगगाडीत बसून वडिलांना भेटावयास निघतात. मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच गाडीवान मिळत नाही. मिळतो तो दुप्पट भाड्यावर, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर. डब्यात अन्न आहे, पण पाणी कोणी देत नाही. सारी रात्र तहानलेली जाते. यात कोठेही आक्रोश नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला जसे घडले तसे सांगितले आहे. वाचणारे मूल आपल्याच वयाच्या भीमाला भेटते. पुतळ्यातील बाबासाहेबांशी ओळख त्यानंतर झाली तर ती अधिक खोल होते.

त्यानंतर नववी-दहावीत 'आठवणींचे पक्षी' द्यावे. आईबापांचे छत्र हरपलेला, बहिणीच्या आश्रयाने राहून शिकण्याची धडपड करणारा मुलगा त्यात सुट्या सुट्या आठवणींतून बोलतो. रोज एक आठवण वाचता येते. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' त्याच्या जोडीला द्यावे. मुंबईच्या गोदीत राबलेल्या बापाच्या शहाणपणाची आणि विनोदाची ती कथा आहे. ते वाचून मुलाने आपल्या आजोबांना 'तुमचे सांगा ना' म्हटले, तर पुस्तकाचे काम झाले. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) याच वयात हवी. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. भोगणाऱ्यांप्रमाणेच लढणारेही आपले पूर्वज होते, हे मुलांना कळले पाहिजे.

विचारी प्रौढांसाठी

पालकांना आणि समाजबांधवांना आम्ही तीनच शिफारशी करतो, कारण यादी लांबली की वाचन लांबणीवर पडते.

पहिली, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. फलटणमध्ये दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून वह्या लपवून त्यांनी हे लिहिले. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि पुढे पुस्तकरूपाने आले. महारवाड्याचे जगणे, सण, उपासमार, अंधश्रद्धा आणि बाबासाहेबांच्या हाकेनंतर बदललेली माणसे त्यात आहेत. सासूने सुनेचे आणि नवऱ्याने बायकोचे केलेले हालही त्यांनी झाकून ठेवले नाहीत. समाजाबाहेरच्यांना जाब विचारणारी बाई समाजातल्यांनाही तोच जाब विचारते. याच बाईंनी निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपल्या कामाच्या त्या पूर्वसुरी आहेत. हे पुस्तक पुरुषांनी आधी वाचावे, अशी आमची विशेष विनंती आहे.

दुसरी, धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' हे आत्मकथन. प्रौढीचा लवलेश नसलेले असे गद्य मराठीत थोडे आहे. पैसा नाही, प्रकृती साथ देत नाही, घरी पत्नी आणि मुले मागे राहिली आहेत, आणि तरीही पाली शिकावयाची ओढ सुटत नाही. त्या ओढीची किंमत घरच्यांनाही मोजावी लागली, हे वाचताना जाणवते आणि आपण विचारात पडतो.

तिसरी शिफारस दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची : कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आणि बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी पाहून गृहत्याग केला ही परंपरेची कथा दोघांनाही पटत नाही. कोसंबी अत्तदण्ड सुत्ताचा आधार घेऊन शस्त्र उगारलेल्या समाजाविषयीच्या उद्वेगाकडे बोट दाखवितात. बाबासाहेब शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यातून कारण उलगडतात. एकाच प्रश्नाला दोन अभ्यासू माणसे कशी भिडतात हे पाहणे हाच मोठा संस्कार आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक-एक प्रकरण वाचले आणि ऐकणाऱ्यांनी शंका विचारल्या, तर कालामांना दिलेल्या उपदेशाचे पालन त्याहून चांगले कसे होणार? केवळ ग्रंथात आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, हे आपण कार्यक्रमांत पुष्कळदा सांगतो. ते ग्रंथ उघडल्याशिवाय करता येत नाही.

शिक्षकांसाठी एक पुस्तक वेगळे सुचवितो : गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, मराठीत अनुवादित. त्यातील शिक्षक वर्गात गेल्यावर प्रथम गोष्टी सांगू लागतो आणि सहकारी त्याला हसतात. पुढे काय होते ते पुस्तकातच वाचावे.

आमचे मागणे

या लेखाला शेवट म्हणून उपदेश करण्यापेक्षा काही मागण्या मांडतो. माजी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयास जुनी मार्गदर्शके आणि कालबाह्य पाठ्यपुस्तके भेट देऊ नयेत. स्वतःला आवडलेले एकच पुस्तक द्यावे, त्याच्या दोन प्रती द्याव्यात, आणि पहिल्या पानावर ते आपल्याला का आवडले हे चार ओळींत लिहावे. अमुक साली याच वसतिगृहात राहिलेल्या ताईने किंवा दादाने हे वाचले, एवढे कळले तरी मूल ते पुस्तक हाती घेते. पालकांनी भेटीला येताना खाऊच्या पिशवीत एखादे पातळ पुस्तक घालावे, आणि पुढच्या भेटीत गुण विचारण्याच्या आधी त्या पुस्तकाविषयी विचारावे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांनी मुलाला ते मोठ्याने वाचावयास सांगून ऐकावे. ऐकणारी आई ही मुलाच्या वाचनाची पहिली आणि सर्वांत प्रामाणिक श्रोती असते. व्यवस्थापनाने रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर अर्धा तास मोकळ्या वाचनासाठी राखावा, आणि त्या अर्ध्या तासात शिक्षकांनी व अधीक्षकांनीही हातात पुस्तक घेऊन मुलांमध्ये बसावे.

पुस्तके हरवतील, फाटतील, काही मुले ती सुट्टीत घरी नेऊन परत आणणार नाहीत. हा खर्च आपण आनंदाने सोसावा. एखाद्या तांड्यावरच्या, वस्तीवरच्या घरात आपल्या ग्रंथालयाचा शिक्का असलेले एखादे पुस्तक धाकट्या भावंडांच्या हाती फिरत असेल, तर ते हरवले असे आम्ही मानणार नाही. नोंदवहीत त्याच्यापुढे 'वाचनात आहे' असा शेरा लिहू आणि त्याच पुस्तकाची नवी प्रत मागवू.